कारणाचा रकाना

नागपूर,
१४ जानेवारी २००१

प्रिय विश्राम,

स. न. वि. वि.

आज संक्रांत. तिळगुळाची पुडी या पत्रासोबत पाठवावी असे मनात होते, परंतु पाकीट आधीच जाड झाले आहे. त्यात एकशे चौऱ्याऐंशी टंकलिखित पाने आहेत. ती काय आहेत हे सांगण्यापूर्वी, छत्तीस वर्षांनंतर हा मनुष्य अचानक का उपटला, याचा खुलासा करणे मला आवश्यक वाटते. तुझा पत्ता कोळवणच्या शाळेकडून मिळाला. तू तेथे मुख्याध्यापक झालास हे वाचून माझ्या वडिलांची, अप्पांची, आठवण झाली. "हा पोरगा मास्तर होणार," असे ते तुझ्याविषयी म्हणत आणि माझ्याविषयी काहीच म्हणत नसत.

मी बी.कॉम. होऊन विमा कंपनीत लागलो आणि पंचवीस वर्षे दाव्यांचे कागद तपासले. कोणता अपघात खरा, कोणता रचलेला, हे ठरवणे माझे काम. आता मी एक कादंबरी लिहिली आहे. नाव ठेवले आहे 'पैलतीरचा दिवा'. विषय तुला ओळखता येईलच.

मुळशीच्या धरणावरची कंपनीची चाळ, तिच्या मागचा दगडी बांध, आणि त्या बांधावर दिवेलागणीला बसलेले दोन मुलगे. एक मी. दुसरा तू, शाळेसाठी सोमवार ते शनिवार आमच्या घरी राहणारा, पैलतीरावरच्या वस्तीवरून दर सोमवारी, मेच्या सुट्टीतही, नावेने येणारा. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पलीकडच्या उघड्या पडलेल्या गाळात, जिथे धरणाखाली गेलेले गाव होते तिथे, वर्षातून एकदा एक दिवा दिसे. एकच दिवस. पाऊण तास. चाळीतल्या बायका दारे लावून घेत. त्या गाळात बुडालेली बाई फिरते, असे सगळेच म्हणत.

मी तेव्हा वही घातली होती, आठवते? ती अजून माझ्याकडे आहे. रकाने असे: तारीख, वेळ, ठिकाण, हवामान, साक्षीदार, कारण. १९५९ ते १९६५, सात वर्षे, सात नोंदी. तिथी, वार, पौडचा बाजार, ग्रहणे, सगळे ताडून पाहिले. १९ मे, ३ जून, १२ मे, २८ मे. कशाचा कशाशी मेळ नाही. कारणाचा रकाना सातही ठिकाणी कोरा आहे. मी तो अंदाजाने भरायला निघालो होतो, तेव्हा अप्पांनी माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली होती. "दिसलं ते लिही. कळलं नाही ते लिहू नकोस."

प्रकाशक मिळाले आहेत. त्यांचे म्हणणे असे की पुस्तक धड रहस्यकथाही नाही आणि धड भयकथाही नाही; वाचकाला शेवटी एक तर खुनी द्या, नाहीतर भूत द्या. शेवटचे प्रकरण जूनअखेर हवे आहे, म्हणजे दिवाळीत पुस्तक निघेल. मला निवृत्तीनंतर मिरवायला काही नको, पण अप्पांची ती धरणाचे पाणी मोजायची पट्टी, ती नाव, तो बांध हे माझ्याबरोबर संपू नये, एवढेच वाटते. तू वाच. स्थळकाळाच्या चुका दाखव. आणि त्या दिव्याविषयी तुझ्या वस्तीवर कोणाला काही ठाऊक असेल तर तेही कळव.

तुझ्या आई, आमच्या धोंडामावशी, कशा आहेत? त्यांच्या हातची नाचणीची भाकरी आणि करवंदांची चटणी एवढी एक चव मला पुढे कुठेही सापडली नाही.

तुझा,
नरहरी


कोळवण,
९ फेब्रुवारी २००१

प्रिय नरू,

पाकीट पोस्टमनने दोन्ही हातांनी आणून दिलं. म्हणाला, "मास्तर, पुस्तक म्हणावं का वीट?" मी म्हटलं, उघडल्यावर कळवतो.

तीन दिवसांत वाचलं. रात्री वाचायची सोय नाही, कारण आमच्याकडे वीज तिच्या मर्जीने येते. धरण आमच्या दारात आणि उजेड मुंबईला, हे तुला ठाऊकच आहे.

फार चांगलं लिहिलंयस. अप्पा समोर उभे राहिले. रोज सकाळी सात वाजता पाण्यातली मोजपट्टी वाचून यायचे आणि चपला काढता काढता आकडा मोठ्याने सांगायचे, ते तर मला ऐकूच आलं. चुका अशा: चाळीला नऊ खोल्या होत्या, आठ नव्हे. बांधाशेजारी आंबा नव्हता, उंबर होता. नाव हिरवी होती. माझ्यावरून रचलेल्या मुलाचं नाव तू हैबत ठेवलंस आणि तो भीतीने थरथर कापतो असं अकरा ठिकाणी लिहिलंस, त्यातले पाच तरी कमी कर. बाकीच्या किरकोळ चुका वेगळ्या कागदावर लिहिल्यात, एकंदर अकरा भरल्या.

आता शेवटाचं. माझं ऐकशील तर तो दिवा मासे धरणाऱ्याचा कंदील होता असं दाखव आणि मोकळा हो. लोकांना पटेल. बाई कशाला हवी? त्यातून बाई दाखवायचीच तर ते उलटे पाय, सुटलेले केस, गाळातून येणारी ती हाक, हे सगळं काढून टाक. आमच्याकडे अजून असल्या गोष्टींनी एखाद्या म्हातारीचं जिणं अवघड होतं. तुम्हा शहरातल्यांना ते करमणुकीचं वाटतं.

आई बरी आहे. चौऱ्याऐंशी वर्षं झाली. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. वस्ती सोडून माझ्याकडे कोळवणला यायला तयार नाही, म्हणून मीच शनिवार-रविवार तिकडे जातो. माझी मुलगी शीतल तिच्यासोबत असते.

तुझा,
विश्राम


नागपूर,
२ मार्च २००१

प्रिय विश्राम,

तुझे पत्र आणि चुकांची यादी पोहोचली. उंबर, नऊ खोल्या आणि हिरवी नाव यांची दुरुस्ती केली. थरथर सहा ठिकाणी ठेवली आहे. त्याहून कमी केल्यास सत्याचा अपलाप होईल, कारण तुझा हात माझ्या हातात होता आणि तो खरोखरच कापत होता.

आता माझ्या व्यवसायाचा दोष म्हणून एक गोष्ट नोंदवतो. तू अकरा चुका दाखवल्यास, त्यांत बांधावरच्या झाडाची जातसुद्धा सोडली नाहीस. परंतु दिव्याविषयी तुझ्या वस्तीवर कोणाला काय ठाऊक आहे, हा जो एकमेव प्रश्न मी विचारला होता, त्याला उत्तर नाही. ज्या दाव्यात बारीकसारीक तपशील मुबलक असतात आणि मुख्य मुद्दा गाळलेला असतो, तो मी पुन्हा उघडत असे.

मासे धरणाऱ्याचा कंदील चालणार नाही. मासे वर्षातून एकच दिवस धरत नाहीत.

शिवाय सहावी नोंद आहे. ३० मे १९६४. त्या वर्षी दिवा गाळात नव्हता, पाण्यावर होता. हलत होता. पैलतीरापासून आत, खोल पाण्याच्या मधोमध तो थांबला, आणि मग परत फिरला. ती नोंद लिहिताना माझे अक्षर बिघडलेले आहे. साक्षीदारात आपली दोघांची नावे आहेत.

आजवर कोणालाही न सांगितलेली गोष्ट आता तुला सांगतो. त्या संध्याकाळी अप्पा पौडला जाऊन येतो असे आईला सांगून गेले होते. ते परतले तेव्हा दार मी उघडले. त्यांचे धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेले होते आणि बोटांना तेलाचा वास होता. पौडच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी नाही. जो मनुष्य कंपनीची पेन्सिल मला घरी वापरू देत नसे, तो त्या दिवशी आईशी खोटे बोलला. मी पंधरा वर्षांचा होतो. मी काही विचारले नाही. पुढे १९७१ मध्ये ते गेले आणि विचारायला कोणी उरले नाही. माझ्या कादंबरीचे खरे कारण तो दिवा नसून ते भिजलेले धोतर आहे.

म्हणून शेवट मी असा योजला आहे. पट्टी वाचणारा कारकून त्या पाण्यातल्या बाईला भुललेला आहे आणि तो दर वर्षी तिच्याकडे जातो. वाचक ठरवतील ती हाडामांसाची की कशी. मुलगा सगळे पाहतो आणि जन्मभर गप्प राहतो. अप्पांविषयी असे लिहिताना मला काय वाटते ते तू समजू शकशील, परंतु माझ्याकडे असलेल्या पुराव्यातून दुसरा निष्कर्ष निघत नाही. तुझ्याकडे काही असल्यास जूनपूर्वी पाठव.

तुझा,
नरहरी


(वस्तीवरून)
२० मे २००१

नरू,

तुझं पत्र येऊन अडीच महिने झाले. चार वेळा उत्तर लिहिलं आणि चारही वेळा चुलीत घातलं. मी आईला शब्द दिला होता. तो आज तिला न विचारता मोडतोय, कारण अप्पांबद्दल तू जे लिहायला निघालायस ते छापलं गेलं तर मी माणसात बसायच्या लायकीचा राहणार नाही.

तो दिवा माझ्या आईचा.

धरणाखाली गेलेल्या गावात तिचं माहेर होतं. दहा वर्षांची होती ती, पाणी चढलं तेव्हा. लाकूडफाटा, कौलं, देव सगळं वर आणलं. दगडी उंबरा निघाला नाही. उन्हाळ्यात पाणी उतरतं तेव्हा ज्या दिवशी तो उंबरा उघडा पडतो, त्या दिवशी ती जायची. चिखल खरवडायची, शेणाने सारवायची, हळदकुंकू वाहायची, दिवा लावायची. तेल संपेपर्यंत उंबऱ्यावर बसायची आणि यायची. तिच्या भाषेत, "त्या दिशी माजं माहेर मोकळं हुतं." सासरी हे चालण्यासारखं नव्हतं. बुडालेल्या घराला दिवा दाखवणं अशुभ, असं माझी आजी म्हणायची. म्हणून लाकडं आणायला जाते सांगून जायची. लोक तिला भूत समजले याचं तिला बरंच वाटलं, कारण मग तिकडे कोणी फिरकत नव्हतं.

उंबरा कधी उघडा पडतो ते वस्तीवरून दिसत नाही, मध्ये डोंगराची सोंड येते. ते एकाच माणसाला कळायचं. मोजपट्टी अठरा फुटांवर आली की उंबरा वर. तिने एकदा अप्पांना विचारलं, आणि तेव्हापासून दर वर्षी अप्पा निरोप द्यायचे. आधी नाववाल्याबरोबर, पुढे माझ्याबरोबर. निरोप एवढाच: "आईला सांग, अठरा."

तुझी वही काढ. १९६२ ची नोंद बघ. साक्षीदारात तुझं एकट्याचंच नाव असेल. त्या दिवशी मी पहिल्यांदा निरोप घेऊन गेलो आणि आईच्या मागोमाग लपत गाळात उतरलो. तिने मला पकडलं आणि शपथ घातली. त्याच्या पुढच्या वर्षी मी तुझ्या शेजारी बांधावर बसलो होतो. तुझा हात धरला होता. नरू, मी भीतीने कापत नव्हतो. मी हसू दाबत होतो. तिकडे माझी आई बसलेली आणि तू मला रामरक्षा म्हणायला लावतोयस. ते सहाचे सहा थरथर आता काढून टाक बाबा.

चौसष्ट साली मात्र मी खरंच कापत होतो. त्या वर्षी पाणी उतरेना. पट्टी तेवीसवर अडली. आणि त्याच वर्षी चैत्रात माझा आजा, आईचा बाप, वस्तीवर वारला. जाताना तिला म्हणाला होता, घराला माजा दिवा दाव. ती दर रविवारी मला विचारायची, अप्पा काय म्हणतात. मी दर वेळी सांगायचो, तेवीस. तीस तारखेला अप्पा मला म्हणाले, "आता पश्चिमेला ढग धरलेत. यंदा अठरा व्हायचे नाहीत. आईला म्हणावं, संध्याकाळी काठाला ये." मी दुपारच्या नावेने तिला सांगून परत आलो, आणि अप्पा स्वतः कंपनीची नाव घेऊन गेले. वल्हवायची सवय नव्हती. काठावर नाव ढकलताना गुडघ्यापर्यंत भिजले. दोन डोंगरांच्या खुणा धरून, दोर सोडून सोडून त्यांनी उंबऱ्याची जागा काढली, आणि आईने नावेत बसून पाण्यावर दिवा धरला. सगळा वेळ अप्पा तिच्याकडे पाठ करून बसले होते. हे आई अजून सांगते. "मला रडाया मोकळीक दिली त्या मान्सानं."

मी बांधावर तुझ्या शेजारी होतो, आणि नावेतल्या दोघांपैकी एकालाही पोहता येत नाही हे मला ठाऊक होतं.

आता तुझ्या बाईचे पाय सरळ कर.

विश्राम


नागपूर,
४ जून २००१

प्रिय विश्राम,

हे पत्र मी तिसऱ्यांदा सुरू करत आहे.

तुझे पत्र वाचून मी माळ्यावरची अप्पांची ट्रंक उतरवली. तीत त्यांच्या स्वतःच्या रोजनिश्या होत्या. कंपनीच्या नोंदवहीत लिहिलेला आकडा ते घरी येऊन पुन्हा स्वतःसाठी लिहीत. मी माझ्या वहीतल्या सात तारखा एकेक करून काढल्या. अठरा. अठरा. अठरा. अठरा. अठरा. तेवीस. अठरा.

पंचांग, बाजार, ग्रहणे, सगळे ताडून पाहणाऱ्या मुलाला ही एक गोष्ट सुचली नाही. ज्या घरात रोज सकाळी पाण्याची पातळी मोठ्याने सांगितली जाई, त्या घरात ती मला ऐकू येईनाशी झाली होती. वहीत हवामानाचा रकाना आखला, पाण्याचा आखला नाही. एवढी ढोबळ चूक मी एखाद्या शिकाऊ उमेदवाराला माफ केली नसती.

३० मे १९६४ च्या पानावर आणखी एक ओळ आहे. ती तुला जशीच्या तशी कळवतो. "दुपारनंतर अर्धा दिवस रजा. नाव खाजगी कामासाठी. कंपनीस कळवले नाही. चूक माझी." चूक केली ती केली, आणि तिच्यासाठी आधी रजा टाकली. विश्राम, हे वाचून मी हसलो, आणि मग बराच वेळ चष्मा पुसत बसलो. सदतीस वर्षे त्या ट्रंकेला कुलूप नव्हते. मी ती उघडली नाही, कारण काय निघेल याची मला भीती होती. पाण्यातल्या बाईची भीती त्यापुढे काहीच नव्हती.

काल प्रकाशकांना पत्र टाकून हस्तलिखित परत मागवले आहे. धोंडामावशींना मी उलटे पाय आणि सुटलेले केस दिले. त्यांच्या हातची भाकरी खाऊन मी त्यांना गाळात हाका मारत फिरवले. हे छापता येणार नाही. भूत पूर्णपणे काढून, जे घडले ते स्पष्टपणे मांडून मी पुन्हा लिहीन. ते कादंबरी म्हणून उभे राहिले नाही तर न राहो. माझ्या वतीने त्यांची क्षमा माग. मी समक्ष येऊन मागायला हवी, परंतु चौसष्टच्या त्या संध्याकाळनंतर मी त्या पाण्याकडे नीट पाहू शकलो नाही, आणि पासष्टला तेथून निघालो तो पुन्हा तिकडे फिरकलो नाही. यायला अजून धीर होत नाही.

नरहरी


वस्तीवरून,
१ जुलै २००१

प्रिय नरू,

क्षमा मागायला गेलो आणि माझीच हजेरी घेतली गेली.

शब्द मोडला हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "चाळीस वरसं ठिवलास, लई झालं." मग म्हणाली, त्या नरूनं माजं काय लिवलंय ते वाचून दाव. मी म्हटलं, नको. तिने मला बाजूला सारून शीतलला बसवलं. चार दुपारी वाचन चाललं. बाहेर पाऊस, आत आई भिंतीला टेकून, आणि वाचून वाचून शीतलचा घसा बसलेला.

मला वाटत होतं ती दुखावेल. नरू, ती हसून हसून खोकली. उलट्या पायांचं आलं तेव्हा तिने शीतलला थांबवलं आणि म्हणाली, "त्याला म्हनावं, उलट्या पावलांनी गाळातनं चालून दाव येकदा. चार पावलांत उताना पडशील." केस सुटलेले तिला आवडले नाहीत. माहेरी जाताना तेल लावून वेणी घालून जायची म्हणे, डोक्यात फूल असायचं. आणि एक चूक मात्र तिने खरी काढली. तू मनाने रचलेल्या बुडालेल्या घराच्या दारात दिवा डाव्या बाजूला ठेवलायस. "आत शिरताना उजव्या हाताला. माजी आई तितंच ठिवायची. डाव्या हाताला रांजन हुता."

शेवटी मी तिला सांगितलं की नरू आता भूत काढून टाकतोय, सगळं खरं खरं लिहिणार आहे. तिचा चेहरा उतरला. मग जे बोलली ते तसंच लिहितो, मास्तरकीची दुरुस्ती न करता.

"भूत कशापायी काढतूय? खरं लिवलं तर मी मेल्यावर संपलं. म्हातारी हुती, मेली. भूत ऱ्हातंय. भुताला घर लागतंय, उंबरा लागतूय. त्याची बाई दर वर्साला येती तर येऊ दे. तेवढ्यानं लोकास्नी ठावं ऱ्हाईल, हितं येक घर हुतं."

मी तिची लाज राखत बसलो होतो. तिला लाज नव्हतीच, तिला धास्ती होती. तिच्यामागे उंबऱ्याला कोणी विचारणार नाही याची. मी आणि शीतल गेली सहा वर्षं तिच्या वतीने दिवा लावतो, पण आमच्यानंतर काय?

तेव्हा हस्तलिखित प्रकाशकांना परत पाठव. भूत राहू दे. पाय सरळ कर, वेणी घाल.

विश्राम


नागपूर,
३ ऑक्टोबर २००१

प्रिय विश्राम,

पुस्तक छापखान्यात गेले. प्रकाशक नाराज आहेत, कारण शेवटी त्यांना खुनीही मिळाला नाही आणि सिद्ध झालेले भूतही नाही. कारकून अर्ध्या दिवसाची रजा टाकून नाव नेतो, पाठ करून बसतो, आणि नावेत त्याच्या मागे कोण बसले होते हे कारकून सांगत नाही. पुढे तो मरतो, ती चाळ ओस पडते, दिवा येत राहतो. बाईचे पाय सरळ आहेत. वेणी आहे, फूल आहे. हैबत थरथरतो, कशाने, ते लिहिलेले नाही.

एक दुरुस्ती मी जाणूनबुजून केलेली नाही. पुस्तकात दिवा डाव्या हातालाच आहे. दाव्यांच्या तपासणीत एक पद्धत असते. प्रत्यक्ष तेथे असणाऱ्यालाच ठाऊक असेल असा एक तपशील बाहेर जाऊ द्यायचा नाही. उद्या कोणी हौशी वाचक गंमत म्हणून तेथे दिवा लावायला गेला, तर तो डाव्या हाताला लावील आणि आपल्याला कळेल. उजवा हात आपल्या चौघांतच राहू दे. मावशींना ही युक्ती सांग.

अर्पणपत्रिकेत दोन शब्द आहेत: 'आईला अठरा'. प्रकाशकांना वाटते छापखान्याची चूक आहे.

तुझा,
नरहरी


कोळवण,
६ जून २००३

प्रिय नरू,

आई फेब्रुवारीत गेली हे तुला तारेने कळवलंच होतं. तुझं सांत्वनाचं पत्र तिच्या फोटोमागे ठेवलंय. पुस्तकही तिथेच आहे. शेवटी शेवटी येईल त्याला ती शीतलला पुस्तकातलं वाचून दाखवायला लावायची आणि म्हणायची, "ही बाई म्हंजी मीच."

आज वेगळ्याच कारणाने लिहितोय.

यंदा पहिला दिवा आईशिवायचा. मी मनाची तयारी करत होतो. पण शीतलचं बाळंतपण नेमकं त्याच आठवड्यात आलं. चोवीस मेला तिला पुण्याच्या दवाखान्यात हलवलं, सत्तावीसला मुलगी झाली. पट्टी सव्वीसला अठरावर आली होती, हे मला मागाहून कळलं. मी दवाखान्यात होतो. चुकलं म्हणून मन खात होतं. तीस तारखेला धावत आलो. आमच्या लाँचवर दत्ता आहे. नाव बांधता बांधता तो सहज म्हणाला, "मास्तर, औंदा येकलंच येऊन गेला व्हय? सव्वीसला दिवा दिसला मला."

मी तसाच गाळात उतरलो. उंबरा सारवलेला होता. शेण वाळून तडकलं होतं, म्हणजे तीन-चार दिवसांचं. हळदकुंकू होतं. पणती विझलेली, वात जळून संपलेली.

आत शिरताना उजव्या हाताला.

नरू, तू आला होतास का? आला असशील तर चोरून का आलास, घरी का नाही आलास, एवढंच विचारतो. रागावणार नाही. पण खरं सांग.

विश्राम


नागपूर,
१५ जून २००३

प्रिय विश्राम,

नातीसाठी आशीर्वाद वेगळ्या कागदावर आहे. तो आधी शीतलला दे.

मी आलो नव्हतो. २६ मे रोजी सोमवार होता. सायंकाळी मी येथे आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत होतो. इतिवृत्तावर माझी सही आहे आणि त्याची प्रत सोबत जोडली आहे. माझ्यावर अविश्वास दाखवलास असे मी मानत नाही. मीही तुला हेच विचारले असते.

पत्र मिळाल्यापासून पाच दिवस मी सवयीप्रमाणे शक्यता मांडल्या. कोणी वाचक असता तर दिवा डाव्या हाताला असता. चौघांपैकी तू आणि शीतल दवाखान्यात, मी सभेत. दत्ता दर वर्षी पाण्यावर असतो. त्याने कधीतरी जवळून पाहिले असेल आणि मावशींसाठी म्हणून स्वतःच लावला असेल, ही शक्यता मी पूर्णपणे खोडू शकत नाही. त्याला विचारलेस तर तो हो किंवा नाही म्हणेल आणि प्रकरण मिटेल.

त्याला विचारू नकोस.

काल मी जुनी वही काढली. पासष्टच्या नोंदीखाली एक ओळ आखली. तारीख: २६ मे २००३. वेळ: दिवेलागण. ठिकाण: उंबरा, आत शिरताना उजव्या हाताला. या वेळी पाण्याचा रकानाही आखला, त्यात लिहिले, अठरा. साक्षीदार: दत्ता, लाँचवाला. मग पेन्सिल शेवटच्या रकान्यावर आली. मला बरेच काही लिहिता आले असते. हातातली पेन्सिल काढून घ्यायला आता कोणी नाही. मीच ती खाली ठेवली.

पुढच्या मे महिन्यात मी येत आहे. तिकिटाची तारीख आत्ता सांगता येत नाही. एकोणीस-अठराच्या सुमारास पट्टी आली की मला दोन शब्दांची तार कर. काय लिहायचे ते तुला ठाऊक आहे. मी गाळात उतरणार नाही. दिवा तू लाव, नाहीतर लावू नकोस, ते तुझे तू ठरव आणि मला सांगू नकोस. मी अलीकडच्या बांधावर, उंबराखाली बसेन. वही सोबत असेल.

जमले तर तू माझ्या शेजारी बस. या वेळी तुझा हात कापला तर कशाने, हे मी विचारणार नाही.

तुझा,
नरहरी